आम्ही चार वर्षं थांबायचं, आणि त्यांना लगेच? ऑस्ट्रेलियातल्या निर्वासितांचा कायमचा व्हिसा आणि सरकारी भत्ता

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. व्हिसासाठी पॉइंट जमवायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची, लाखो रुपये ओतून पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवायची. आणि वर्षभरात नोकरी गेली तर सरकार सांगणार, बेकारभत्ता हवा असेल तर चार वर्षं थांबा. उलट जे विनाव्हिसा बोटीतून आले, त्यांना २०२३ साली सरकारने एका घोषणेत कायमचा व्हिसा देऊ केला आणि त्यांच्यासाठी चार वर्षांची अटही ठेवली नाही. हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे, चिडण्यासारखाही आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: २०२३ आधी या लोकांना सरकारकडून काही मिळत नव्हतं आणि नंतर पैशांचा नळ सुटला. तसं झालेलं नाही. पैसे आधीही मिळत होते. बदललं ते वेगळंच, आणि माझ्या मते ते ऑस्ट्रेलियन करदात्याच्याही फायद्याचं आहे. पण ते समजायला थोडं मागून यावं लागेल.

निर्वासित म्हणजे कोण

१९५१ च्या जिनिव्हा करारात व्याख्या आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचा सदस्य असणं, यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी साधार भीती असल्याने मायदेशी परतू न शकणारा माणूस. तो अर्ज करून निकालाची वाट पाहतो तोवर ‘आश्रय मागणारा’, आणि सरकारने त्याची भीती खरी मानली की ‘निर्वासित’. ऑस्ट्रेलियाने हा करार जानेवारी १९५४ मध्ये स्वीकारला. त्यासाठी सहा देशांची मंजुरी लागत होती. ऑस्ट्रेलिया सहावा, म्हणून त्यानंतरच करार अमलात आला. भारताने त्यावर आजवर सही केलेली नाही.

या करारातली दोन कलमं आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत. ३१ वं कलम म्हणतं, जीव वाचवायला थेट धोक्यातून आलेला माणूस विनापरवाना शिरला एवढ्याच कारणावरून त्याला शिक्षा करू नका. २३ वं म्हणतं, कायदेशीर राहू दिलेल्या निर्वासिताला सरकारी मदत आपल्या नागरिकांसारखीच द्या.

आपल्याकडे निर्वासित म्हटलं की फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेले सिंधी आणि त्यातून उभं राहिलेलं उल्हासनगर डोळ्यांसमोर येतं. त्यांच्यापुढे घर, धंदा, भाषा असे शंभर प्रश्न होते. ‘इथे राहू देणार की नाही’ हा मात्र नव्हता. देश त्यांचाच होता. ऑस्ट्रेलियातला सगळा घोळ या एका प्रश्नातून सुरू होतो.

विमानाने आलात की बोटीने?

ऑस्ट्रेलियात निर्वासित तीन वाटांनी पोचतात. पहिली सरकारी वाट: परदेशातल्या छावण्यांतून किंवा शेजारच्या देशातून सरकारच निवडून आणतं. २०२३-२४ पासून मानवतावादी कार्यक्रमात वर्षाला एकूण २०,००० जागा आहेत, त्यांतल्या बहुतेक या वाटेने येणाऱ्यांसाठी. अशांना विमानतळावर पाऊल ठेवतानाच कायमचा व्हिसा असतो. दुसरी वाट: पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर विमानाने यायचं आणि उतरल्यावर आश्रय मागायचा. दावा मान्य झाला की यांनाही कायमचाच व्हिसा मिळतो.

तिसरी वाट बोटीची. इराण, अफगाणिस्तान, इराक, श्रीलंकेतले तमिळ, म्यानमारचे रोहिंग्या असे लोक इंडोनेशियातून किंवा थेट श्रीलंकेतून मासेमारीच्या बोटींत दाटीवाटीने बसून निघायचे. यांचा दावा मान्य झाला, म्हणजे सरकारनेच ‘हो, हा निर्वासित आहे’ असं म्हटलं, तरी हातात पडायचा तो तात्पुरता व्हिसा.

समजा काबूलहून दोन सख्खे भाऊ निघाले, दोघांना धोका एकाच तालिबान्याकडून. विमानाने आलेला कायमचा रहिवासी, बोटीने आलेला तात्पुरता पाहुणा. करारातलं ३१ वं कलम पुन्हा वाचलं तर हे खटकतंच.

तात्पुरत्या व्हिसाची कल्पना जॉन हॉवर्ड सरकारची, १९९९ मधली. २००८ मध्ये केव्हिन रड सरकारने ती मोडीत काढली. २०१४ च्या डिसेंबरात टोनी अ‍ॅबट सरकारने ती परत आणली. तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री होते स्कॉट मॉरिसन, जे पुढे पंतप्रधान झाले. या वेळी प्रकार दोन होते. ‘टेम्पररी प्रोटेक्शन व्हिसा’, म्हणजे टीपीव्ही, तीन वर्षांचा. दुसरा ‘सेफ हेवन एंटरप्राइझ व्हिसा’, लोकांच्या तोंडी ‘शेव्ह’, पाच वर्षांचा. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा सिद्ध करा की मायदेशी अजून धोका आहे.

दर अकरा महिन्यांनी नवा करार

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. अकरा महिन्यांचा करार असला की माणूस भिंतीला खिळा ठोकायलाही कचरतो. मुलाची शाळा जवळ मिळाली तरी पुढच्या वर्षी इथे असू का, हा प्रश्न डोक्यात असतोच. आता घराच्या जागी देश ठेवा, आणि घर खाली करायचं म्हणजे जिथून जीव मुठीत धरून पळालो तिथे जायचं.

याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसत. कंपनी विचारणार, पीआर आहे का? बँक कर्ज द्यायला कां-कूं करणार. बारावी तिथल्याच शाळेतून उत्तम गुणांनी पास झालेल्या मुलीला विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याची फी सांगणार, म्हणजे वर्षाला कित्येक हजार डॉलर रोख, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज नाही. बायको-मुलं मागे राहिली असतील तर त्यांना बोलावता येणार नाही. आई आजारी आहे म्हणून तिसऱ्या देशात जाऊन भेटायचं तरी आधी सरकारची लेखी परवानगी.

मग भत्ता मिळत होता की नव्हता?

मिळत होता. टीपीव्ही आणि शेव्हवाल्यांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा होती. मुलांसाठीचा कुटुंबभत्ता होता. आणि हाताला काम नसेल तर ‘स्पेशल बेनिफिट’ होता. ज्याला दुसरा कुठलाच भत्ता लागू होत नाही आणि जगण्याचं साधन नाही, त्याच्यासाठीचा हा शेवटचा आधार. तो देते सेंटरलिंक, तिथलं भत्त्यांचं सरकारी खातं. रक्कम साधारण बेकारभत्त्याएवढीच. बेकारभत्त्याला तिथे ‘जॉबसीकर’ म्हणतात. एकट्या माणसाला पंधरवड्याला सुमारे ८०० ऑस्ट्रेलियन डॉलर. काम शोधत असल्याचा हिशोब दोन्हीकडे द्यावा लागतो.

रक्कम तीच, मग फरक कशात? कापण्याच्या पद्धतीत.

एक बाई भाजी पॅक करण्याच्या शेडमध्ये पंधरवड्यातून एकदोन पाळ्या करते आणि २०० डॉलर कमावते, असं धरू. ती जॉबसीकरवर असेल तर पहिल्या १५० डॉलरला सरकार हात लावत नाही. वरच्या ५० वर प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापतं. म्हणजे भत्ता २५ ने कमी झाला आणि काम केल्याने तिच्या हातात १७५ जास्त पडले. हीच बाई स्पेशल बेनिफिटवर असेल तर डॉलरला डॉलर कापला जातो. २०० कमावले, भत्ता २०० ने कमी. पहाटे उठून, बस बदलून, थंडगार शेडमध्ये उभं राहून तिची मिळकत शून्य. उलट बसचं भाडं पदरचं.

कमाई ४०० वर गेली तर जॉबसीकरवाली कापाकापी होऊनही २६० च्या आसपास जास्त घेऊन घरी जाते. स्पेशल बेनिफिटवालीची शिल्लक अजून शून्यच. भत्ता पूर्ण संपेपर्यंत तिला एक सेंट दिसत नाही. शिवाय नातेवाइकाकडे फुकट राहत असाल, तर त्या राहण्या-खाण्याचीही किंमत लावून रक्कम कमी करता येते.

आता सांगा, या नियमाखाली कोण छोटं काम धरेल? पूर्णवेळ चांगली नोकरी मिळाली तर प्रश्नच मिटला. पण नवख्या, भाषा अर्धवट येणाऱ्या माणसाला सुरुवात मिळते ती आज आहे उद्या नाही अशा चार-सहा तासांच्या पाळ्यांतूनच. त्या पाळ्या निरर्थक करून ठेवायच्या आणि वर म्हणायचं, हे लोक भत्त्यावर बसून राहतात.

शेव्हमध्ये आणखी एक मेख होती. शहरापासून दूर, ठरवून दिलेल्या भागात साडेतीन वर्षं भत्ता न घेता काम केलं किंवा शिकलात, तर दुसऱ्या व्हिसांसाठी अर्ज करता येईल. लक्षात घ्या, अर्ज. तो कुशल कामगाराचा किंवा कुटुंबाचा व्हिसा. त्याच्या अटी पुन्हा नेहमीच्याच. या वाटेने कायमच्या व्हिसापर्यंत पोचले ते फारच थोडे.

१४ फेब्रुवारी २०२३ ला काय बदललं

अँथनी अल्बानीझी यांच्या लेबर पक्षाने निवडणुकीत आश्वासन दिलं होतं. त्याप्रमाणे १४ फेब्रुवारी २०२३ पासून टीपीव्ही आणि शेव्हधारकांना ‘रिझोल्यूशन ऑफ स्टेटस’ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येऊ लागला. असे धारक साधारण १९,००० होते. बहुतेक जण दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहत होते, कर भरत होते, काहींची मुलं तिथेच जन्मली होती. ज्यांच्याकडे तात्पुरता व्हिसा होता त्यांना छळाची कहाणी पुन्हा सांगावी लागली नाही. ओळख, आरोग्य आणि चारित्र्य यांची तपासणी मात्र झाली. गंभीर गुन्ह्यात अडकलेल्याला हा व्हिसा नाकारता येतो.

व्हिसा हातात पडताच तो माणूस स्पेशल बेनिफिटच्या खिडकीवरून नेहमीच्या खिडकीवर आला. काम नसेल तर जॉबसीकर, आणि त्याबरोबर तो पहिल्या १५० डॉलरचा मोकळा भाग. अपंग असेल तर एनडीआयएस, म्हणजे अपंगांसाठीची राष्ट्रीय विमा योजना. ती फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे टीपीव्हीवरचं मूल कितीही गरजू असलं तरी तिच्या बाहेर होतं. विद्यापीठात स्थानिक फी आणि सरकारी शैक्षणिक कर्ज. पुढे अटी पूर्ण झाल्या की नागरिकत्व.

खर्च वाढला का? काही खात्यांत नक्कीच. एनडीआयएस आणि शिक्षण ही नवी दारं उघडली, ती फुकट नाहीत. पण दर तीन-पाच वर्षांनी हजारो लोकांची तीच कहाणी तपासत बसणारी यंत्रणाही फुकट चालत नव्हती, आणि पाळ्या नाकारून भत्त्यावर अडकलेला माणूस तर सगळ्यांत महाग पडतो.

‘कर आम्ही भरतो, आणि थांबायचंही आम्हीच?’

आता मूळ तक्रार. इथे आपण नकळत पीएफच्या हिशोबाने विचार करतो: मी भरले, मला मिळायला हवेत. युरोपातल्या काही देशांत बेकारभत्ता खरंच तसा चालतो, पगारातून कापलेल्या वर्गणीवर. ऑस्ट्रेलियात नाही. तिथे भत्ता सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतो. किती कर भरला हे कोणी विचारत नाही. गरज आहे का आणि तुम्ही इथले रहिवासी आहात का, एवढंच पाहतात. तात्पुरत्या वर्क व्हिसावरचा आपला इंजिनिअर भरघोस कर भरतो आणि त्याला शून्य भत्ता आहे. तिथेच जन्मलेल्याने आयुष्यात एक डॉलर कर भरला नसला तरी त्याला मिळतो.

मग चार वर्षांची अट कशासाठी? सरकारचा युक्तिवाद असा: कुशल स्थलांतरिताला आम्ही पारखून घेतो. वय ४५ च्या आत, कमीत कमी ६५ पॉइंट, इंग्रजी, हातात कौशल्य. तो स्वतःच्या मर्जीने, तारीख ठरवून, घरचं आवरून येतो. पहिली काही वर्षं स्वतःच्या पायावर काढण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येते. १९९७ मध्ये हा काळ दोन वर्षांचा केला, जानेवारी २०१९ पासून बेकारभत्त्यासाठी चार वर्षांचा. दोन्ही वेळा निर्वासितांना वगळलं, कारण त्यांना पारखून घेतलेलं नसतं आणि घर विकून पैसे बरोबर आणायची सवडही मिळालेली नसते. वृद्धांच्या पेन्शनला एरवी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. तीही निर्वासितांना नाही.

चार वर्षं जास्त आहेत, असं मला स्वतःला वाटतं. कोविडच्या काळात सरकारनेच बेकारभत्त्यासाठी ती काही काळ बाजूला ठेवली होती. पण ती तक्रार त्या अटीविरुद्ध करायला हवी. निर्वासिताला चार वर्षं उपाशी ठेवल्याने आपली अट एका दिवसानेही कमी होत नाही.

पीआरवाल्यांपैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी. थांबण्याच्या काळात आपल्या हाताबाहेरचं मोठं संकट कोसळलं, म्हणजे गंभीर आजार किंवा अपघात, तर तोच शेवटचा आधार, स्पेशल बेनिफिट, आपल्यालाही मागता येतो. नुसती नोकरी मिळत नाही हे कारण पुरत नाही. आणि मेडिकेअर तर पीआरवाल्याला पहिल्या दिवसापासून आहे.

आई-वडिलांना कायमचं नेऊ पाहणाऱ्यांचा राग जास्त समजण्यासारखा आहे. लवकर नंबर लागणाऱ्या पालक व्हिसासाठी प्रत्येकी ४०,००० डॉलरच्या वर मोजायचे, वर दहा वर्षांची हमी लिहून द्यायची की यांनी भत्ता घेतला तर आम्ही भरून देऊ. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या निर्वासिताच्या वृद्ध आईला पेन्शन चालू. आकड्यांत पाहिलं तर डोळ्यांवर येतंच. फरक एवढाच की आपल्या आईला नाशिक किंवा साताऱ्याच्या घरी परतता येतं.

‘त्यांना आपल्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त मिळतं म्हणे’

हा निरोप ईमेलच्या जमान्यापासून फिरतो आहे: निर्वासिताला पेन्शनरपेक्षा जास्त पैसे मिळतात. तो इतका पसरला की ऑस्ट्रेलियन संसदेच्या ग्रंथालयाला खरं-खोटं वेगळं करणारी स्वतंत्र टिपणी काढावी लागली. निर्वासितांसाठी वेगळा, जास्तीचा दर असा कुठला नाहीच. ज्या भत्त्यावर तो बसतो त्याचा दर स्थानिकाइतकाच. उलट काम करण्याच्या वयाचा निर्वासित जॉबसीकरवर असेल तर त्याला पंधरवड्याला सुमारे ८०० डॉलर, आणि एकट्या वृद्धाची पूर्ण पेन्शन ११०० च्या वर. सिडनीत साध्या फ्लॅटचं आठवड्याचं भाडं सहज ६००-७०० डॉलर आहे. ८०० डॉलरमध्ये कोण चैन करतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘कायमचा व्हिसा दिला की बोटी पुन्हा सुरू होतील’

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार, कारण यात माणसं बुडतात.

तात्पुरता व्हिसा ऑक्टोबर १९९९ मध्ये आला. बोटी थांबल्या का? २००१ मध्ये ५,५०० हून जास्त लोक आले, १९९९ पेक्षाही जास्त. आणि एक भीषण गोष्ट घडली. तात्पुरत्या व्हिसावरच्या पुरुषांना बायका-मुलांना बोलावता येत नव्हतं, तेव्हा त्या बायका मुलांना घेऊन स्वतःच बोटीत बसल्या. १९ ऑक्टोबर २००१ ला इंडोनेशियातून निघालेली एक बोट बुडाली; पुढे तिला ‘सीव्ह एक्स’ म्हटलं गेलं. ३५३ जण गेले. त्यांत १४६ मुलं होती आणि १४२ बायका. कित्येकींचे नवरे ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ मध्ये टीपीव्ही गेला आणि पुढच्या काही वर्षांत बोटी प्रचंड वाढल्या. एकट्या २०१३ मध्ये २०,००० हून जास्त लोक आले. टीपीव्हीचे समर्थक याच आकड्यावर बोट ठेवतात. पण त्याच काळात श्रीलंकेतलं युद्ध संपून तमिळ पळत होते, आणि बोटीने आलेल्यांना नाउरू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटदेशात पाठवण्याचं धोरणही बंद झालं होतं. बोटी पुन्हा थांबल्या त्या सप्टेंबर २०१३ नंतर नौदलाने त्या समुद्रातच परतवायला सुरुवात केली तेव्हा. टीपीव्ही परत आला डिसेंबर २०१४ मध्ये. तोवर बोटी जवळपास संपल्या होत्या. हा क्रम पाहिला तर व्हिसाची मुदत हा बोटी अडवणारा बांध नव्हता, असंच मला वाटतं. परतवण्याचं धोरण बरोबर की चूक हा वेगळा आणि कडवट वाद आहे.

२०२३ चा व्हिसा नव्याने येणाऱ्यासाठी नाहीच. १४ फेब्रुवारीच्या आधी ज्यांच्याकडे टीपीव्ही-शेव्ह होता किंवा त्यासाठी अर्ज केलेला होता, त्यांच्यासाठीच तो आहे. वर्षभराने, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर चाळीसेक जण उतरले. त्यांची रवानगी नाउरूला झाली.

जे यादीबाहेर राहिले

त्या जुन्या बोटींतून आलेले, ज्यांचे दावे तपासायचे होते असे लोक एकूण ३१,००० च्या आसपास होते. १९,००० ना वाट मिळाली. बाकीच्यांतल्या हजारो जणांचे दावे २०१४ च्या कायद्यातल्या ‘फास्ट ट्रॅक’ पद्धतीत फेटाळले गेले होते. त्या पद्धतीत अपील म्हणजे बहुतेक वेळा नुसती कागदांची छाननी. माणसाला समोर बसवून ऐकून घेणं क्वचित. विरोधात असताना लेबर पक्षानेच तिला अन्यायकारक म्हटलं होतं, आणि २०२४ मध्ये ही अपिलं तपासणारं मंडळ बंदही झालं. त्या पद्धतीत दिलेले नकार मात्र कायम राहिले.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशा अडकलेल्या बावीस बायका मेलबर्नहून कॅनबेरापर्यंत चालत गेल्या. इराणच्या, श्रीलंकेच्या; अंतर ६४० किलोमीटर. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये गृहखात्याच्या कचेरीबाहेर तंबू पडले आणि महिनोन्‌महिने हलले नाहीत. सरकारचं उत्तर असं की ज्यांची सुनावणी पूर्ण होऊन नकार मिळाला त्यांनी मायदेशी परतावं. एखाद्याच्या बाबतीत परिस्थिती बदलली असेल तर मंत्री विशेष अधिकार वापरू शकतात.

भत्त्याच्या हिशोबात हे लोक तळाशी आहेत. आश्रय मागणाऱ्यांसाठी वेगळी मदत आहे, तिची कमाल रक्कमच नेहमीच्या भत्त्याच्या ८९ टक्के, आणि २०१८ पासून तिच्या अटी एवढ्या आवळल्या की बहुतेकांना ती मिळत नाही. स्पेशल बेनिफिट नाही. हातात असतो तो काही महिन्यांचा ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे पुढचा निर्णय होईपर्यंत राहू देणारा, काहींच्या बाबतीत कामाची परवानगी नसलेला. तो संपला आणि नवा वेळेत आला नाही, तर मेडिकेअरचं कार्डही त्याबरोबर बंद पडतं.